पिवळट

मावशीने माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं. बोटं जराशी वाकवली, अंगठी एकदा डावीकडून पाहिली, एकदा उजवीकडून. मग कमरेचा रुमाल काढला, पांढराशुभ्र, चार घड्यांचा, आणि तो माझ्या हाताखाली पसरला. आता तिला नीट दिसत होतं. “छान आहे गं,” ती म्हणाली. “घडण सुरेख आहे. पण हिरा जरा पिवळट नाही वाटत?” मी काही बोलायच्या आत तिने रुमाल उचलला, घडीवर घडी घातली आणि साखरपुड्याला कुणाकुणाला बोलवायचं राहिलंय ते विचारायला लागली. तिच्या मनात काहीच नव्हतं. दिसलं ते बोलली आणि मोकळी झाली. मी तिच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, पण डावा हात मांडीवर उपडा ठेवून तो उजव्या हाताने झाकून बसले होते, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

पिवळसर म्हणाली असती, तर चाललं असतं.

रंग एकच असतो. एक जण त्याला पिवळसर म्हणतो, दुसरा पिवळट. पिवळसर म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला, पिवळ्याची झाक मिरवणारा. पिवळट म्हणजे जो पांढरा असायला हवा होता आणि राहिला नाही तो. दात पिवळट होतात. ट्रंकेत पडून राहिलेले पांढरे कपडे, पुस्तकांची पानं, चुना लावून बरीच वर्षं झालेली भिंत, आजाऱ्याचे डोळे. मळकट, कळकट, धुरकट यांच्या पंगतीला हा शब्द बसतो, आणि त्या पंगतीतल्या कुणालाच कुणी हौसेने घरी आणत नाही. तोच रंग पुरता चढला की मात्र मराठी तोंडभरून बोलते: पिवळाधमक, पिवळाजर्द, सोनसळी. पंचाईत होते ती काठावर उभ्या असलेल्या रंगाची. आमचा हिरा नेमका त्या काठावरचा.

बघायला गेलो तेव्हा पिवळ्या हिऱ्याचा विचार दोघांच्याही मनात नव्हता. समोर शुभ्र हिऱ्यांचा ट्रे होता आणि खरं सांगते, सातव्या-आठव्या हिऱ्यानंतर मला ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येईनात. छतातल्या बारीक दिव्यांच्या झोतात सगळेच पेटलेले होते. त्या दिव्यांखाली साधी काचसुद्धा लखलखली असती. तेवढ्यात त्याने, म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याने, ट्रेच्या बाजूला पडलेल्या एका कागदी पुडीकडे बोट दाखवलं. विक्रेत्याने पुडी उलगडली, चिमट्याने हिरा उचलला आणि दुमडलेल्या पांढऱ्या कार्डावर उपडा ठेवला, सपाट तोंड खाली, टोक वर. असा ठेवला की हिऱ्याची चमक मिटते आणि अंगचा रंग दिसतो. फिकट, फार फिकट पिवळा. जुन्या कागदावर सकाळचं ऊन पडल्यावर कागद दिसतो तसा. मग त्याने तो सुलटा केला तर तो रंग असा एका जागी दिसेनाच. हिरा हलला की आतून एखादी रुंद ठिणगी उमटायची, तिच्या कडेला तेवढा तो सापडायचा.

त्याचे पैलू जुन्या पद्धतीने पाडलेले होते. आकार धड चौकोनी नाही, धड गोल नाही, उशीसारखा, कोपरे गोलावलेले. वरचा भाग उंच, तोंडाचा सपाट पैलू लहान, आणि अगदी मधोमध पाहिलं तर तळाशी एक बारीक वर्तुळ. तिथे टोक असायला हवं, पण ते घासून सपाट केलेलं. ‘ओल्ड माइन कट’ म्हणतात याला. हे पैलू पाडले गेले तेव्हा घरोघर वीज नव्हती. मेणबत्तीच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडात जे छान दिसेल ते कारागिरांनी साधलं, तेही बरंचसं डोळ्यांच्या अंदाजाने. त्यामुळे दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. आजच्या यंत्राने मोजून पाडलेल्या गोल हिऱ्याचा लखलखाट बारीक असतो, चूर्ण उधळल्यासारखा. या जुन्या हिऱ्याचा उजेड मोठ्या तुकड्यांत येतो, थांबून थांबून.

आम्ही तो खिडकीपाशी मागितला. विक्रेत्याने खळखळ केली नाही, उलट स्वतःच एक गोष्ट दाखवली. हिऱ्यावर त्याने हलकी फुंकर मारली, ओठ गोल करून नव्हे, आरसा पुसताना तोंडाची वाफ सोडतो तशी. क्षणभर हिरा धुरकटला, सगळी चमक गेली, आणि त्या क्षणात त्याचा पिवळा उघडा पडला. पण नीट बघेपर्यंत वाफ उडून गेलेली. हिरा उष्णता इतक्या चटकन वाहून नेतो की त्याच्यावर वाफ टिकतच नाही. मी म्हटलं, पुन्हा करा. मग मी स्वतः केलं. चार-पाच वेळा केलं असेल. दर वेळी तो रंग पापणी लवेपर्यंत दिसायचा आणि निघून जायचा. हा हिरा मला तिथे, त्या वाफेच्या खेळात आवडला. शेजारी ठेवलेला शुभ्र हिरा वाफेखाली नुसता पांढरा झाला होता.

तरी घरी आल्यावर माझं मन मागे-पुढे होऊ लागलं. त्याचं होत नव्हतं. तो पहिल्या दिवसापासून ठाम होता, आणि त्याच्या त्या ठामपणानेच मला जास्त विचार करायला लावलं.

हिऱ्याच्या रंगाला अक्षरं असतात. जीआयए या अमेरिकेतल्या संस्थेने १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याआधी व्यापारात ए, डबल ए, ट्रिपल ए असा घोळ होता. त्याच्याशी गल्लत नको म्हणून यांनी सुरुवातच ‘डी’पासून केली. डी म्हणजे रंगाचा मागमूस नाही. तिथून झेडपर्यंत तेवीस अक्षरं, आणि प्रत्येक पायरीला पिवळा किंवा तपकिरी कणभर वाढत जातो. ‘जे’ या अक्षरापर्यंतचा रंग साध्या डोळ्यांना सहसा कळत नाही. के ते एम पुसट, एन ते आर अतिफिकट, एस ते झेड फिकट. रंग ठरवताना हिरा उपडाच ठेवतात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ठरावीक उजेडात, रंग आधीच ठरलेल्या नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी. आमच्या हिऱ्याच्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं ‘डब्ल्यू ते एक्स’. इतक्या खाली गेल्यावर ते दोन-दोन अक्षरं मिळूनच सांगतात.

झेडच्या पुढे गंमत आहे. झेडपेक्षा रंग जास्त भरला की हिरा या रांगेतून बाहेर पडतो आणि ‘फॅन्सी’ होतो. मग त्याला उपडा ठेवत नाहीत, तोंड वर करून बघतात. रंग किती कमी हा प्रश्नच उरत नाही. किती खोल, किती जिवंत, हे विचारतात. भाव झेडपर्यंत उतरत येतो आणि पलीकडे पुन्हा चढायला लागतो. एकाच रंगाची ही चढण. अर्धी वाट ज्याला उणं म्हणतात, उरलेल्या अर्ध्या वाटेवर त्याचीच वाखाणणी. अक्षरांना दोष द्यावासा मला वाटत नाही. ती फक्त किती रंग आहे तेवढं सांगतात, वाईट-चांगलं म्हणत नाहीत. ते आपण म्हणतो. पण त्या रात्री तो कागद समोर घेऊन बसले तेव्हा डब्ल्यू आणि झेड यांच्यातलं अंतर मी बोटांवर मोजत होते हे खरं. तीन-चार पायऱ्या आणखी पिवळा असता, तर कुणी पिवळट म्हटलं नसतं.

आणि मावशीला पांढऱ्या रंगातलं जे कळतं, ते कुणाला कळतं? माझ्या लहानपणी घरातले पांढरे कपडे तिच्या हातचे असत. साबणाचं पाणी तीनदा काढून झालं की शेवटच्या बादलीत नीळ. कापडाच्या पुरचुंडीत बांधलेली ती निळी पूड ती पाण्यात नुसती टेकवायची आणि उचलायची. निळ्याचा एक धागा पाण्यात खाली उतरायचा, वळायचा, फुटायचा. मला तो हाताने ढवळायचा असे आणि ती ढवळू देत नसे. सगळं पाणी एकसारखं आभाळी झालं की सदरे त्यात बुडवायची आणि लगेच काढायची, कारण क्षणभर जास्त राहिले तर निळे डाग पडायचे. मग ओला सदरा दोन्ही हातांनी उंच धरून उजेडाकडे करायची. एक डोळा बारीक. कॉलरपाशी, काखेपाशी, पिवळेपणाचा अंश उरला असेल तर तो तिला सुटत नसे. “नीळ कमी पडली,” म्हणायची आणि सदरा परत बादलीत. निळा पिवळ्याला खातो, एवढं विज्ञान मी त्या बादलीपाशी शिकले. माझ्या अंगठीखाली रुमाल पसरणारा हात तोच, आणि डोळाही तोच.

हिऱ्यांच्या धंद्यातही नीळ आहे. पिवळसर हिऱ्याच्या कडेला किंवा पाठीला निळ्या-जांभळ्या शाईचा पुसटसा ठिपका लावायचा, की वरून बघणाऱ्याला तो पांढरा भासतो. फार जुनी लबाडी आहे ही. धुतला की रंग परत. पण काही हिऱ्यांची नीळ उपजत असते. अतिनील प्रकाश पडला की ते निळे उजळतात. जीआयएकडे तपासायला येणाऱ्या हिऱ्यांपैकी साधारण २५ ते ३५ टक्क्यांत हा गुण कमी-जास्त सापडतो आणि त्यांतले बहुतेक निळाच प्रकाश देतात. उन्हात अतिनील किरण असतात, म्हणून असा फिकट पिवळा हिरा भर दुपारी घराबाहेर थोडा पांढरा दिसतो आणि दिवेलागणीला घरात पुन्हा पिवळा होतो. आमच्या हिऱ्याच्या कागदावर ‘स्ट्राँग ब्लू’ असं लिहिलेलं होतं. पुष्कळ लोक हा उल्लेख पाहून हिरा नाकारतात, कारण क्वचित एखादा हिरा त्याने धुकट दिसतो. आमचा नव्हता.

मला हे सगळं वाचताना एक गोष्ट फार लागली. हा पिवळा आणि हा निळा, दोन्ही एकाच जागेतून येतात. हिरा म्हणजे कार्बनची जाळी. जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली ती बनत असताना तिच्यात नायट्रोजनचे अणू अडकतात. नायट्रोजन म्हणजे आपण ज्या हवेत वावरतो तिचा ७८ टक्के भाग. इतकी साधी वस्तू. सुरुवातीला हे अणू जाळीत एकेकटे विखुरलेले असतात, आणि ते तसेच राहिले तर हिरा गर्द पिवळा होतो. पण खालची उष्णता हजार अंशांच्या वर. त्या तापात कोट्यवधी वर्षं ते अणू जाळीतून सरकत राहतात. आधी दोघे शेजारी येतात. अशा जोड्यांना रंग नसतो. आणखी काळ गेला की कुठे कुठे तीन अणू एका रिकाम्या जागेभोवती गोळा होतात. जिथे कार्बन असायला हवा होता आणि नाही, अशी ती जागा. शास्त्रज्ञ या गटाला ‘एन-थ्री’ म्हणतात. हा गट आणि त्याच्याबरोबरीने येणारी रचना प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषून घेतात, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळसर दिसतो. आणि तीच एन-थ्री अतिनील प्रकाशात निळी उजळते.

पिवळट या शब्दात काळाने खराब केल्याची भावना आहे. कागद पिवळट होतो तो वर्षं गेली म्हणून. हिऱ्याच्या बाबतीत वर्षं गेली हे खरंच आहे. पण त्या वर्षांनी इथे एकेकट्या अणूंना हळूहळू एकत्र आणलं आणि गर्द पिवळा फिकट करत आणला. हे मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो नुसता “हं” म्हणाला आणि माझा हात उलटा करून अंगठीच्या जागी अंगठा फिरवत राहिला. अंगठी तेव्हा अजून बनायची होती.

अशा हिऱ्यांना धंद्यात ‘केप’ म्हणतात, हे नाव दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीवरून पडलं. तिथे ऑरेंज नदीकाठी, होपटाउनजवळ १८६७ साली इरास्मस जेकब्ज नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला एक चमकता खडा सापडला. घरातली भावंडं खड्यांचा खेळ खेळायची, त्यांत तो गेला. शेजाऱ्याची नजर पडली म्हणून तो पुढे तपासणीला पोहोचला आणि २१.२५ कॅरेटचा हिरा निघाला. ‘युरेका’ नावाने ओळखला जाणारा तो हिरा पिवळसरच आहे. पैलू पाडल्यावर १०.७३ कॅरेट उरला, आणि आज तो तिथल्याच किंबर्ली या हिऱ्यांच्या खाणींच्या शहरातल्या संग्रहालयात आहे. त्या एका खड्यामागून खाणींची जी धांदल उडाली तिने जगभर हिरे पोहोचवले, आणि त्यांतले इतके पिवळसर होते की पिवळसरपणाच सामान्य ठरला. मुबलक मिळणाऱ्या गोष्टीला आपण कशी नावं ठेवतो, त्याचंच हे उदाहरण. सौंदर्याचा त्यात संबंध फार नव्हता. किंबर्लीतूनच १८७७ साली २८७.४२ कॅरेटचा गर्द पिवळा खडाही निघाला. टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांच्या देखरेखीखाली त्याला ८२ पैलू पाडले तेव्हा वजन राखण्याचा मोह सोडून रंग आणि तेज सांभाळलं, आणि १२८.५४ कॅरेटचा ‘टिफनी यलो’ तयार झाला. निम्म्याहून जास्त दगड त्यांनी घासून घालवला.

त्याच्याही आधीचे दोन हिरे मी मनाशी धरून ठेवले, कारण ते दोन्ही आमच्यासारखे, फिकट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या संग्रहातला ‘सान्सी’, ५५.२३ कॅरेट. आणि ‘फ्लोरेंटाइन’, १३७ कॅरेट, फिकट पिवळ्यात किंचित हिरवट झाक. इटलीतल्या मेदिची घराण्याकडून तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे आला, पहिल्या महायुद्धानंतर त्या घराण्याबरोबर ऑस्ट्रियाबाहेर गेला आणि त्यापुढे शंभर वर्षं जगाने तो हरवलाच असं धरून चाललं. २०२५च्या नोव्हेंबरात कुटुंबाने जाहीर केलं, तो कॅनडातल्या एका बँकेच्या तिजोरीत सुखरूप आहे. राजेलोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, पळून जाताना सोबत नेला, तो हा रंग. मावशीला हे सांगावं असं फार वाटलं होतं. सांगितलं नाही. राजांच्या नावाने तिचा डोळा बदलणार नव्हता, आणि बदलावा असं मलाही आतून वाटत नव्हतं.

मला टोचत होतं ते वेगळंच, आणि ते लिहायला थोडं जड जातंय. मला वाटत होतं, लोक म्हणतील याने काटकसर केली. पांढऱ्या हिऱ्यापेक्षा या अक्षरांचा हिरा स्वस्त असतो हे ज्यांना माहीत आहे ते म्हणतील, आणि ज्यांना माहीत नाही ते डोळ्यांनी म्हणतील. अंगठी बोटात आल्यावर पहिले दोन महिने कुणी हात पुढे मागितला की अंगठीआधी माझा खुलासा पुढे व्हायचा: “हा मुद्दाम पिवळा घेतलाय हं.” मुद्दाम. दिवसातून चार-चारदा तो शब्द मी वापरायचे. एकदा तो जवळच उभा होता. परत येताना रस्त्यात त्याने विचारलं, “तुला पांढरा हवा होता का?” रागाने नाही, अगदी खरंच विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. तरी त्याचा चेहरा काही वेळ तसाच राहिला. त्या दिवसापासून ‘मुद्दाम’ बंद केलं. हात मागितला की हात द्यायचा आणि समोरच्याला बघू द्यायचं. हे बोलायला सोपं आहे, हात पुढे धरून गप्प उभं राहायला मला बरेच दिवस लागले.

प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याचाही आम्ही विचार केला होता. कार्बन तोच, जाळी तीच. १९५४च्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत दाबाखाली हिरे बनवले गेले, आणि त्या पद्धतीने बनणारे हिरे पिवळे होत असत तेही नायट्रोजनमुळेच, फक्त तिथे अणूंना एकत्र यायला वेळ मिळालेला नसतो. चांगला पर्याय आहे तो, कुणी विचारलं तर मी नको म्हणणार नाही. आम्हाला या एका दगडाने धरून ठेवलं होतं, एवढंच. शिवाय हा जुना होता. आधी कुणाच्या तरी बोटात असणार. ते बोट कुणाचं, आणि अंगठीतून हिरा सुटा का झाला, हे विचार कधी कधी रात्री येतात. सुखाचं काही आठवून त्यांना परतवता येत नाही. मी त्यांना येऊ देते.

कोंदणाचा निर्णय मात्र झटकन झाला. प्लॅटिनममध्ये बसवला असता तर पांढऱ्या धातूशेजारी पिवळा उठून दिसला असता, वेगळा पडला असता. पिवळ्या सोन्यात धातूचा रंग हिऱ्यात उतरतो आणि पिवळा थोडा भरतो. आम्ही सोनं घेतलं. त्याला धरून ठेवणारी चार बारीक टोकं, बाकी काही नाही, बाजू उघड्या. आता बाजूने बघितलं की हिरा आणि सोनं कुठे वेगळे होतात ते चटकन कळत नाही.

सहा-सात महिने झाले वापरतेय. ढगाळ दिवशी तो जवळजवळ राखाडी पांढरा असतो. संगणकाच्या उजेडात थंड. संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसले आणि ऊन तिरपं आलं की त्याच्यात जे भरतं, त्याला मराठीत शब्द मी अजून शोधतेय. ‘पाणी’ हा जुना शब्द आहे, हिऱ्याचं पाणी. पाणी ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचं होतं, तसा हा ज्या उजेडात न्याल त्या उजेडाचा होतो. तेवीस अक्षरांपैकी कुठलंही अक्षर दिवसभर त्याला पुरत नाही.

परवा मावशी राहायला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर त्याने नोटा तपासायची छोटी जांभळी टॉर्च कुठूनशी काढली आणि मला म्हणाला, दाखव ना मावशीला. मी जरा कचरले. मग खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च लावली. पहिल्यांदा उजळला तो मावशीचा रुमाल, तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला. धुण्याच्या पावडरीत हल्ली नीळेसारखंच काम करणारी रसायनं असतात, ती अशा प्रकाशात चमकतात. काळोखात तो रुमाल निळ्या-पांढऱ्या तुकड्यासारखा तरंगायला लागला, आणि मावशीने दचकून तो हातात घेतला. मी हात त्याच्या शेजारी नेला. अंगठीतलं सोनं काळं पडलं होतं, बोट दिसत नव्हतं, आणि मध्ये हिरा मऊ निळा पेटलेला. बादलीत उतरणाऱ्या त्या पहिल्या धाग्याचा निळा.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. एक डोळा बारीक केला असणार, काळोखात मला दिसला नाही. मग म्हणाली, “म्हणजे याला आतूनच नीळ घातलेली आहे.”

मी दिवा लावला. तिने लगेच माझा हात ओढून रुमालावर ठेवला आणि वाकून बघितलं.

“पिवळट तर आहेच,” ती म्हणाली. हात तिने सोडला नाही. “बंद कर बघू परत तो दिवा.”